तात्पर्य सांगायची घाई नको: मुलं आणि बायबलमधल्या गोष्टी

ताई, तुम्ही लिहिलंय की सोलापुरातल्या तुमच्या मंडळीत यंदाच्या जूनपासून शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांना बायबल शिकवणारा रविवारचा वर्ग तुमच्याकडे आला आहे. सहा ते बारा वयाची वीस-बावीस मुलं आणि हातात जेमतेम पाऊण तास. गोष्टी त्यांना येतात, सुवर्णवचनं घडाघडा म्हणतात. पण ‘यातून आपण काय शिकलो?’ असं विचारलं की गोष्ट नोहाची असो, दाविदाची असो की जक्कयाची, उत्तर एकच येतं: ‘देवाची आज्ञा पाळावी.’ गोष्टीचा अर्थ मुलांपर्यंत पोचवायचा कसा, हा तुमचा प्रश्न.

मी याच शहरात 27 वर्षं शब्बाथ शाळा घेते आहे. आठवडाभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, आता निवृत्त झाले. दोन्हीकडची मुलं पाहिल्यामुळे एक गोष्ट आधी सांगते: तुमची मुलं चुकत नाहीत. शाळेत गोष्ट संपली की खाली ‘तात्पर्य’ असतं, ससा-कासवापासून त्यांना तीच सवय लागलेली आहे. तुम्ही ‘काय शिकलो’ म्हणालात की ती तात्पर्य शोधतात, आणि चर्चमध्ये बसल्यावर बाईंना कुठलं तात्पर्य आवडेल हे मुलांना बरोबर कळतं. त्यांनी तुमच्या प्रश्नाचं उत्तर अचूकच दिलं आहे. बदलायला हवा तो प्रश्न.

बायबलमधल्या बहुतेक गोष्टी तात्पर्याच्या साच्यातल्या नाहीतच. याकोबानं आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद घेतला, आणि पुढे देवानं त्याच याकोबाला सोबत केली. याचं एका ओळीचं तात्पर्य काय काढणार? अब्राहाम जिवाच्या भीतीनं बायकोला बहीण म्हणाला. दाविदानं काय केलं ते तर लहान मुलांना सांगताही येत नाही. ‘यांच्यासारखे व्हा’ एवढाच अर्थ काढायचा ठरवला तर निम्मी गोष्ट लपवावी लागते, आणि मुलं मोठी झाली की लपवलेलं वाचतातच. माझ्या समजुतीप्रमाणे या गोष्टी आधी देव कसा आहे ते सांगतात, माणसं नंतर येतात. म्हणून मी अर्थ शेवटी चिकटवत नाही. गोष्ट जिथे वळते, जिथे ऐकणाऱ्याला ‘अरे, हे असं कसं?’ असं वाटतं, तिथे मुलांना नेते आणि थांबते. अर्थ तिथेच असतो.

आता कशावर काय अवलंबून आहे तेही सांगते, कारण सगळीकडे एकच रीत चालत नाही. सहा वर्षांच्या मुलाला अर्थ विचारूच नये. त्याला गोष्ट पुन्हा पुन्हा नीट सांगा, हातवारे करा, ‘तुला कोण आवडलं?’ एवढं विचारा, झालं. आठ-नऊच्या पुढे ‘त्याला तेव्हा काय वाटलं असेल?’ हा प्रश्न चालतो. ‘येशूनं ही गोष्ट कुणाला सांगितली, आणि त्यांनाच का?’ हा प्रश्न दहाच्या आधी फारसा पेलत नाही. तुमच्याकडे सगळी मुलं एकत्र आहेत, तेव्हा निदान शेवटची पंधरा मिनिटं दोन गट करा, लहानांना चित्र काढायला बसवा. आणि इसहाकाच्या अर्पणाची गोष्ट लहानांपुढे काढू नका. बापानं सुरी उचलली एवढंच त्यांच्या लक्षात राहतं आणि रात्री झोप येत नाही. घरची भाषाही पाहावी लागते. आपल्याकडे कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड. बायबलमधलं मराठी त्यांना दुप्पट जड जातं. शेजारची बिगरख्रिस्ती मुलंही येत असतील तर त्यांच्या आईवडिलांना काय शिकवतो ते आधी सांगून ठेवा, आणि त्या मुलांकडून कुठलीही कबुली मागू नका. गोष्ट मात्र सगळ्यांना सारखीच सांगा.

आता वळणावर थांबणं म्हणजे काय, ते द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांच्या दाखल्यावरून, म्हणजे येशूनं सांगितलेल्या गोष्टीवरून सांगते. मत्तयाच्या 20व्या अध्यायात आहे. मळ्याचा धनी पहाटे मजूर ठरवतो, दिवसाची मजुरी कबूल करतो. मग नऊ वाजता, बारा वाजता, तीनला आणि शेवटी पाच वाजता पुन्हा बाजारात जातो आणि रिकाम्या उभ्या माणसांना मळ्यात पाठवतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो, तीही शेवटच्यांपासून सुरुवात करून. पूर्वी मी ही गोष्ट सांगून लगेच म्हणायचे, ‘देवाची कृपा सगळ्यांवर सारखी असते.’ मुलं मान डोलवायची आणि विसरायची.

एका रविवारी मी ते वाक्य म्हटलंच नाही. मजुरी वाटून झाली तिथे गप्प बसले. एका मुलीची आई विड्या वळते. ती मुलगी एकदम म्हणाली, ‘बाई, हे बरोबर नाही. आमच्या आईनं हजार वळल्या आणि शेजारच्या काकूंनी दोनशे, तर दोघींना सारखे पैसे कसे?’ सगळा वर्ग तिच्या बाजूनं झाला. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, मळ्यातले पहाटेचे मजूरही हेच म्हणाले. तिला खोटं पाडलं नाही, कारण गोष्टीनं ऐकणाऱ्याला नेमकं तिथेच आणून उभं करायचं होतं. मग मी एवढंच विचारलं, ‘पाच वाजता जे सापडले ते दिवसभर कुठे होते?’ पुस्तकात बघून एकानं सांगितलं, बाजारात उभे होते, कारण कुणी कामाला लावलं नाही. मजुरांचा अड्डा आपल्या मुलांनी पाहिलेला असतो. सकाळी डबा, थापी, फावडं घेऊन माणसं उभी असतात. मुकादम येतो, चार जणांना घेऊन जातो, बाकीचे ऊन चढेपर्यंत थांबतात.

मागच्या बाजूला एक मुलगा बसला होता, एरवी वर्गात तोंड न उघडणारा. तो म्हणाला, ‘आमचे पप्पा पण येतात दुपारी परत. काम नाही लागलं की.’ थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तोच म्हणाला, ‘मग त्या दिवशी त्यांच्या घरी पण भाकरी झाली असेल.’

ताई, त्यानंतर कृपेबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. दिवसाची मजुरी म्हणजे एका घरच्या एका दिवसाच्या भाकरीचे पैसे, हे मुलांनी स्वतःच काढलं होतं. धन्यानं कामाचे तास मोजले नाहीत, त्या घराची गरज पाहिली. विडीवाल्या आईची ती मुलगी त्या दिवशी पटलं म्हणून गेली असं मी म्हणणार नाही. पुढच्या रविवारी ती पुन्हा म्हणाली, ‘तरी पण सकाळच्यांना वाईट वाटणारच ना.’ वाटणारच. गोष्टीतला धनी तेच विचारतो: मी चांगला आहे म्हणून तुला का खुपतं? तो प्रश्न तिच्याजवळ आठवडाभर राहिला, यापेक्षा जास्त मी पाऊण तासात काय देणार होते?

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचंही तसंच. ‘गरजूंना मदत करावी’ एवढंच सांगायचं असतं तर वाटेवर कुणीही मदत करणारा चालला असता, शोमरोनी कशाला हवा होता? यरुशलेमहून यरीहोला जाणारी ती वाट पंचवीस-तीस किलोमीटरची, म्हणजे आपल्या मोहोळपेक्षा थोडी अलीकडेच. पण यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे 250 मीटर खाली. हजार मीटरचा उतार, ओसाड डोंगर, लुटारूंना दबा धरायला जागोजाग जागा. हे फळ्यावर काढून दाखवलं की मुलं सरसावून बसतात. लुटारूंनी मारलेला एक माणूस त्या वाटेवर अर्धमेला पडलेला आहे. याजक येतो, बाजूनं जातो. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक येतो, तोही जातो. आता तिसरा आपल्यातलाच एखादा साधा माणूस येणार असं ऐकणाऱ्यांना वाटत असतं, आणि येतो शोमरोनी. ज्याच्याशी यहूदी लोकांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं होतं, तो.

इथे मी मुलांना डोळे मिटायला सांगते. ‘घरी किंवा गल्लीत ज्यांच्याशी बोलू नकोस, त्यांच्याकडचं खाऊ नकोस असं तुला सांगितलेलं आहे, असं कुणीतरी मनात आण. नाव मोठ्यानं सांगू नकोस.’ ही शेवटची सूचना पक्की पाळा. नावं बाहेर आली तर एखाद्या जातीचं, धर्माचं नाव वर्गात उच्चारलं जाईल, आणि त्याच बाकावर बसलेलं एखादं पोर दुखावेल. मग सांगते, ‘तू रस्त्यावर पडला आहेस. तुझी माणसं बघून निघून गेली. आता ती दुसरी व्यक्ती वाकून तुझ्या तोंडाला पाणी लावते आहे.’ मुलांचे चेहरे पाहा त्या वेळी. त्यांना जे जाणवतं ते ‘मदत करावी’पेक्षा कितीतरी खोल असतं, कारण आपण मदत करणारे नसून घेणारे आहोत हे पहिल्यांदा कळतं.

मोठ्या मुलांना आणखी दोन गोष्टी दाखवा. ही गोष्ट निघाली ती एका शास्त्र्यामुळे, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितामुळे. त्यानं विचारलं होतं, ‘माझा शेजारी कोण?’ येशूनं शेवटी प्रश्न फिरवला: या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? आणि शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द निघत नाही. तो म्हणतो, ज्यानं दया केली तो. लूकच्या 10व्या अध्यायातलं हे बारीक वळण मुलांना स्वतः शोधू द्या. ‘त्यानं नाव का नाही घेतलं?’ एवढं विचारलंत तरी पुरे. हे शिकवताना एक काळजी घ्या: यहूदी वाईट आणि आपण चांगले, असा सूर लागू देऊ नका. येशू स्वतः यहूदी होता, ऐकणारे यहूदी होते, गोष्ट घरातल्या माणसांना सांगितलेली आहे.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. तुमच्या वर्गात ती घडू नये, म्हणून. खूप वर्षांपूर्वी मी दानीएल आणि सिंहांची गुहा शिकवली (प्रार्थना सोडली नाही म्हणून त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं, देवानं वाचवलं) आणि शेवटी जोरात म्हटलं, ‘विश्वासानं प्रार्थना केली की देव वाचवतोच.’ वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील आजारी होते. तिनं रोज प्रार्थना केली. वडील गेले. दोन महिन्यांनी ती वर्गात परत आली आणि एकटीच मागे थांबून तिनं मला विचारलं, ‘बाई, माझा विश्वास कमी पडला का?’

तो प्रश्न मी कधी विसरले नाही. तिच्या डोक्यात तो घातला होता मीच, आणि गोष्टीत तो नव्हता. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की बाईंनी चुकीचं शिकवलं. मग त्याच दानीएलाच्या पुस्तकातला 3रा अध्याय उघडला. अग्नीच्या भट्टीपुढे उभे असलेले तिघे मित्र राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्यानं सोडवलं नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ‘नाही तरीही’ हे शब्द तिच्या बोटानं आम्ही दोघींनी वाचले. इब्रीकरांस पत्राच्या 11व्या अध्यायातही एकाच यादीत विश्वासानं सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत आणि विश्वासानंच करवतीनं कापले गेलेलेही आहेत. तेव्हापासून सुटकेची कुठलीही गोष्ट शिकवताना मी आधी वर्गावरून नजर फिरवते: इथे असं कोण आहे ज्याची सुटका झालेली नाही? त्याच्यासमोर हे तात्पर्य बोलता येईल का? नसेल येत, तर ते गोष्टीत बहुधा नाहीच, मी माझ्या पदरचं घातलेलं आहे.

दानीएलाबद्दल आणखी एक. चित्रांत तो तरणाबांड दाखवतात, पण पुस्तकातले राजे मोजले तर गुहेत टाकला तेव्हा तो ऐंशीच्या घरात असावा. मुलांना हे सांगा. आपल्या आजोबांच्या वयाचा माणूस, दिवसातून तीनदा खिडकीशी गुडघे टेकणारा. गोष्ट एकदम बदलते, ती धाडसाची न राहता आयुष्यभराच्या सवयीची होते.

मुलांनी अडवलं तर घाबरू नका. पेरणाऱ्याचा दाखला (बी थोडं वाटेवर, थोडं खडकावर, थोडं काट्यांत आणि थोडं चांगल्या जमिनीत पडतं) सांगताना मंगळवेढ्याकडच्या एका मुलानं मला थांबवलं होतं: ‘वाटेवर बी कशाला टाकलं त्यानं? आमचे आप्पा तिफणीनं पेरतात, एक दाणा बाहेर जात नाही.’ ज्वारीच्या मुलखातलं पोर, त्याला हे दिसणारच. तिकडे त्या काळी मूठ भरून हातानं फेकून पेरायचे, शेतातूनच पायवाट जायची, हे मी समजावलं. पण त्याचा प्रश्न खरा होता, आणि मी तो वर्गापुढे ठेवला: हा पेरणारा इतका हात सैल सोडून का पेरतो? एक मुलगी म्हणाली, ‘त्याच्याकडे बी खूप असेल.’ ‘चांगली जमीन व्हा’ असं मी इतकी वर्षं सांगत आले, आणि पेरणाऱ्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

शब्दांचं थोडक्यात. पश्चात्ताप, अनुग्रह, धार्मिकता हे शब्द मुलं म्हणतात, पण रिकामे म्हणतात. एका रविवारी एकच शब्द घ्या आणि तो हातात धरता येईल असा करा. पश्चात्ताप म्हणजे रडणं असं मुलांना वाटतं. इब्री भाषेत त्यासाठी जो शब्द येतो, ‘शूव’, त्याचा साधा अर्थ मागे फिरणं. सात रस्त्याहून स्टेशनला जायचं होतं आणि रिक्षा विजापूर रोडला लागली, कळल्यावर काय करायचं? वळवायची. नुसतं वाईट वाटून बसलं तर रिक्षा विजापूरलाच जाणार. सरवा हा शब्द तर खेड्यातल्या आजीकडे असतोच. रूथ सरवा वेचायला गेली म्हणजे काय, ते मुलांना घरी विचारून यायला सांगा. कापणीत पडलेली कणसं गरिबांसाठी राहू द्यायची हा नियमच होता, हे नंतर सांगितलं की त्या शेताचा धनी बवाज याचं वागणं त्यांना नीट कळतं.

तुम्ही पाठांतराबद्दलही विचारलंत. पाठांतर सोडू नका. लहानपणी पाठ केलेलं वचन चाळिसाव्या वर्षी दवाखान्याच्या बाकावर आठवतं, हे मी पाहिलेलं आहे. फक्त गोष्टीचा अर्थ म्हणून वचन वापरू नका. गोष्ट आधी होऊ द्या, वचन त्यानंतरच्या रविवारी द्या. आणि पालकांनी ‘आज काय शिकलास?’ असं विचारण्याऐवजी ‘आज गोष्टीत काय झालं?’ असं विचारावं, हे त्यांना एकदा बसवून सांगा. मूल गोष्ट सांगताना जिथे अडखळतं किंवा जिथे जोरात बोलतं, तिथे त्याला काहीतरी लागलेलं असतं.

येत्या रविवारी तुमच्याकडे योना आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. योनाच्या पुस्तकात 4 अध्याय आणि 48 वचनं आहेत, त्यांतल्या जेमतेम तीन वचनांत त्याला गिळणारा मासा आहे. म्हणून माशावर वेळ घालवू नका. देवानं त्याला निनवे शहरात जायला सांगितलं. निनवे पूर्वेला आणि हा निघाला पश्चिमेला, हे आपल्या मुलांना एका वाक्यात कळतं: हैदराबादला जा म्हटलं तर पुण्याच्या गाडीत बसला. मग विचारा, का पळाला? मुलं म्हणतील, भ्याला. तसंच राहू द्या आणि थेट 4थ्या अध्यायावर या. तिथे योना स्वतःच सांगतो की तू दयाळू आहेस, तू निनवेच्या लोकांना माफ करशील हे मला माहीत होतं, म्हणूनच मी पळालो. इथे थांबा, मुलांना पुरेसा वेळ द्या. मग सावली देणारं रोप, त्याचं वाळणं, योनाचा राग, आणि देवाचा प्रश्न: एका रोपाचा तुला एवढा कळवळा, तर उजवाडावा हात न कळणाऱ्या 1,20,000 हून अधिक माणसांचा आणि पुष्कळ गुराढोरांचा मला कळवळा नसावा काय? पुस्तक या प्रश्नावरच संपतं, योनाचं उत्तर आत दिलेलं नाही. तुम्हीही देऊ नका. लहानांना रंगवायला माशाचं चित्र द्यायच्या ऐवजी कोरा कागद द्या आणि निनवे काढायला सांगा: घरं, रस्ते, माणसं, आणि गुरं विसरायची नाहीत. कोपऱ्यात टेकडीवर योना बसवायचा. त्याचा चेहरा कसा काढायचा ते त्यांच्यावर सोडा, आणि त्यांनी काढलेले चेहरे मला जरूर कळवा.